ओली पाटी

रविवारी सकाळी कारखान्याचं दार ढकलून बारकीची आई आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. जन्मभर जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे चक्क फरशी दिसत होती. रंगाचे डबे कोपऱ्यात रचलेले, ब्रश धुऊन बरणीत उभे केलेले, अर्धवट पाट्या शिक्षा झालेल्या मुलांसारख्या तोंड भिंतीकडे करून ठेवलेल्या. मधोमध खुर्च्या, स्टुलं, आणि दोन उलट्या बादल्यांवर टाकलेली एक लांब फळी. टर्पेंटाइनचा वास घालवायला सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, त्यामुळे तो आता गल्लीभर पसरला होता.

कारखाना हा घरातला शब्द. बाहेरचे त्याला पेंटरचं दुकान म्हणत. हे सगळं आवरलं होतं बारकीच्या काकांनी, एकट्याने, आणि इस्त्रीचा शर्ट घालून. दिरांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट तिने याआधी कधी पाहिला असेल तर तो तिच्याच लग्नात.

"वहिनी, पहिल्या रांगेत कोण बसेल?" त्यांनी तिला आत येऊ न देताच विचारलं. "समिती पुढे की मागे?"

समिती मागेच बसणार होती, हे बारकीने त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. पण काकांना खुर्च्या हलवायला निमित्त हवं होतं.

विद्यापीठाला सार्वजनिक इतिहास शिकवायला प्राध्यापक हवा होता. जाहिरात आली तेव्हा आत्याने विचारलं होतं, सार्वजनिक म्हणजे नळासारखा का, कुणीही यावं आणि भरून न्यावं? बारकी म्हणाली होती, अगदी तसाच. तेव्हापासून आत्या सगळ्यांना सांगत सुटली होती की आमची पोरगी नळाची प्राध्यापक होणार. पोरगी चाळिशी ओलांडलेली होती. घरातली शेवटची म्हणून लहानपणी चिकटलेलं बारकी हे नाव काही सुटत नव्हतं. इतकी वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे जितके तास तितकी नोकरी, आज या कॉलेजात तर उद्या त्या. पुढच्या जाहिरातीला ती वयात बसली नसती. अर्ज केलेल्यांपैकी आता तिघे उरले होते आणि शेवटची परीक्षा अशी होती की एक धडा विद्यार्थ्यांना नाही, साध्या माणसांना शिकवून दाखवायचा. जागा आपली आपण निवडायची. बाकीच्या दोघांनी विद्यापीठाचं सभागृह निवडलं. बारकीने आपली गल्ली निवडली.

आई कपबशा मोजायला आतल्या खोलीत गेली. तिचा जीव कालपासून टांगणीला लागला होता, पण आज त्यात मजाही होती. घरात इतकी गडबड बारकीचे वडील गेल्यापासून झाली नव्हती.

*

बारकी आली ती माळ्यावरून. केसांत जळमटं आणि दोन्ही हातांत धरलेली एक लांबट पत्र्याची पाटी. तिने ती टेबलावर ठेवली, ओल्या फडक्याने पुसली, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं वर आली. लाल गल्ली.

नगरपालिकेने सगळीकडे निळ्या पाट्या लावल्या तेव्हा ही उतरवून टाकली होती. काकांनी ती गुपचूप उचलून आणून माळ्यावर टाकली, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नसे. बारकीचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. तिने धडा रात्रंदिवस घोकला होता. एक पाटी, एक गल्ली, आणि त्या गल्लीतली सगळी दारं लाल का? एवढाच प्रश्न. बाकीचं लोकच बोलतील.

काकांनी पाटी पाहिली आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.

"हिचं काय काम आहे?"

"काका, हाच तर धडा आहे."

"मला वाटलं तू राजेबिजे शिकवणार."

"राजे शिकवायला त्यांच्याकडे माणसं आहेत."

काकांनी खिडकी लावून घेतली. मग दुसरी लावली. बारकीला कळायचं ते कळलं.

गल्लीच्या तोंडाशी एक फलक आहे, काकांनीच रंगवलेला. त्यावर लिहिलंय की इथल्या कारागिरांच्या घामाची आणि रक्ताची खूण म्हणून जुन्या पेंटरांनी या गल्लीला लाल हे नाव दिलं आणि रहिवाशांनी दारं लाल करून त्याला मान दिला. वर्तमानपत्रातही ते तसंच छापून आलं. जुने पेंटर म्हणजे काकांचे वडील, घरातले बाबा. घरातली खरी गोष्ट फार लहान होती. ही नाल गल्ली होती. इथे नालबंद राहायचे, घोड्यांना नाल ठोकायचे. पाटीचं काम बाबांकडे आलं. अक्षरं लाल हवीत, असं सांगितलेलं. बाबांच्या हातात लाल रंगाचा डबा होता, डोक्यात लाल होता, आणि ना च्या जागी ला उतरला.

तो कुणी थांबवला नाही, कारण या घराचा एक नियम होता. पेंटर अक्षर काढत असताना कुणी बोलायचं नाही, आणि ओली पाटी कुणी वाचायची नाही. नुसती अक्षरं आधी काढायची, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. ती एका दमात ओढली की पाटी झाली, मग वाचा. आत्या तेव्हा परकरातली पोर होती आणि रंगाचा डबा धरून शेजारी उभी होती. तिने चूक डोळ्यांदेखत होताना पाहिली आणि नियमाप्रमाणे तोंड मिटून उभी राहिली. पाटी खांबावर चढल्यावर तिने बाबांना सांगितलं.

"मी हे सांगणार नव्हते असं नाही, काका," बारकी म्हणाली. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

"मग विचारू नकोस."

"मी ती चूक म्हणून सांगणारच नाहीये. एका अक्षराने अख्खी गल्ली बदलली. याहून चांगला धडा मला सात जन्मांत मिळणार नाही."

"लोक हसतील," काका म्हणाले. "बाबांनी आयुष्यभर या गावाची नावं लिहिली. गेल्यावर त्यांच्या नावाने काय राहावं? एक चुकलेला ना?"

नेमकी त्याच वेळी आत्या आली, काठी टेकत, नवी साडी नेसून, आणि आल्या आल्या तिने बाजू घेतली. खरं सांगून टाका म्हणाली. इतकी वर्षं ती गोष्ट तिच्या घशात अडकली आहे, आणि तिला ती घेऊन वर जायचं नाही. काका म्हणाले, ताई, तुझ्या घशासाठी बाबांची अब्रू चव्हाट्यावर आणायची का? आत्या म्हणाली, अब्रू बाबांची की तुझ्या फलकाची? दोघंही आवाज चढवत नव्हते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कालपर्यंत ती बारकीच्या बाजूची होती. धडा तिलाच पहिल्यांदा म्हणून दाखवला होता आणि तिने टाळ्या वाजवल्या होत्या. पण आता तिला दिरांचा चेहरा दिसला. नवरा गेल्यावर याच माणसाने काही न बोलता दोन्ही चुली एक केल्या होत्या आणि बारकीच्या कॉलेजची फी भरताना स्वतःचं लग्न लांबवत लांबवत विसरून गेला होता.

"बारके," ती म्हणाली, "नको सांगूस."

बारकीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की आईने ट्रे खाली ठेवला आणि पदराने उगाचच कप पुसले. आत्या 'वहिनी, तुम्हीसुद्धा' एवढंच पुटपुटली. बाहेर पहिल्या पाहुण्याने दार वाजवलं.

"ठीक आहे," बारकी म्हणाली. "माझ्या तोंडून येणार नाही."

*

धडा सुरू झाला तेव्हा कारखाना गच्च भरला होता. सायकलवाला ग्रीसचे हात धुऊन आला होता. त्याचे आजोबा या गल्लीतले शेवटचे नालबंद. चष्म्याचा दुकानदार, दोन शिक्षिका, कोपऱ्यावरचा केशकर्तनकार, आणि सगळ्यांत पुढे काज-बटणवाल्या मावशी. गल्लीतल्या प्रत्येक सदऱ्याला त्यांनी काजं करून दिली होती आणि अजूनही सुईत दोरा एका झटक्यात ओवत. मागे समिती बसली, विभागप्रमुख बाई आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. परीक्षकांना काकांनी सर्वात भक्कम खुर्ची दिली होती, तिच्यावर वाळलेला हिरवा रंग होता आणि तो पूर्ण वाळला आहे ना, या काळजीने काका बराच वेळ तिकडेच बघत होते.

बारकीने पाटी उचलून धरली आणि विचारलं, आपली दारं लाल का?

मग जे सुरू झालं त्याने काकांना परीक्षकांची विजार विसरायला लावली. चष्मेवाला म्हणाला, पश्चिमेकडे तोंड आहे, उन्हात लाल टिकतो. शिक्षिका म्हणाल्या, फलकावर लिहिलंय तेच, घाम आणि रक्त. केशकर्तनकार म्हणाला, रक्त असेल तर आमच्या वडिलांच्या वस्तऱ्याचं, त्यांचा हात हलायचा. सगळे हसले. बारकी फळ्यावर सगळं लिहून घेत होती, कुणालाच चूक म्हणत नव्हती, प्रत्येकाला विचारत होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि त्यांना कुणी? बोलणारा मग आपल्या आईपर्यंत, आजोबांपर्यंत जाऊन पोचे, आणि तिथे पोचल्यावर त्याचा आवाज बदले. काकांना ते ऐकू आलं. ही आपल्या खांद्यावर बसून पाट्या वाचायला शिकली, आणि आता माणसं वाचते आहे, असं त्यांना वाटलं आणि छाती भरून आली.

फक्त आत्या गप्प होती. तिने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पुन्हा एकदा तिच्यासमोर ओली पाटी होती आणि पुन्हा एकदा तिने तोंड मिटायचं होतं.

शेवटी परीक्षकांनी हात वर केला. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. एवढ्या कहाण्या जमल्या हे छानच, पण यातली खरी कोणती? नाव तर उमेदवारांच्या आजोबांनीच दिलं असं फलकावर दिसतं. त्यांना घरातून काही माहीत असेलच.

बारकीने खडू खाली ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते मी सांगणार नाही. ते माझ्या एकटीचं नाही. ज्यांचं आहे ते सांगत नाहीत तोवर माझ्याकडे पुरावा असला तरी परवानगी नाही."

"विद्यापीठात असं चालेल का?" परीक्षक म्हणाले. "अभ्यासकाने माहीत असलेलं लपवायचं?"

"लपवत नाहीये. माहीत आहे आणि सांगणार नाही, हे तुम्हाला तोंडावर सांगते आहे."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. तो टक असा आवाज आईला तिसऱ्या रांगेतही ऐकू आला. गेली नोकरी, तिच्या मनात आलं. आपण 'नको सांगूस' म्हणालो आणि गेली. तिने दिरांकडे पाहिलं. तिला वाटलं ते खाली बघत असतील. ते उभे राहिले होते.

"नाल," काका म्हणाले.

कुणाला कळलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

"नाल गल्ली होती ही. आमच्या बाबांनी ना च्या जागी ला काढला. चूक झाली. फलकावर मी लिहिलंय ते खोटं आहे. मीच बनवलं." त्यांनी परीक्षकांकडे बोट केलं, जे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. "तिने मला शब्द दिला होता म्हणून ती बोलली नाही. तिचे मार्क कापू नका."

काका लोकांच्या हसण्याची वाट बघत उभे राहिले. आयुष्यभर ज्या हसण्याला ते घाबरले ते आता येणार होतं आणि त्यांनी त्यासाठी पाय घट्ट रोवले होते. पण कुणी हसलं नाही. चष्मेवाला चष्मा पुसायला लागला. सायकलवाला नखांतलं ग्रीस काढू लागला. सगळी गल्ली चोरी पकडल्यासारखी खाली बघत होती.

"माहीत आहे रे," काज-बटणवाल्या मावशी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"नाल ते."

"तुम्हाला?"

"सगळ्यांना," मावशी म्हणाल्या. "पाटी चढली त्याच दिवसापासून. इथे नालबंद राहत होते, त्यांना नाल वाचता येणार नाही का?"

आणि मग त्यांनी सांगितलं. पाटी पाहून सायकलवाल्याचा बाप, तेव्हा पोरगा होता, खो खो हसला. त्याच्या बापाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पेंटर नवा आहे, म्हणाला, पोरं लहान आहेत, हे पहिलंच सरकारी काम. वर कळलं तर दुसरं मिळायचं नाही. संध्याकाळी गल्लीतली माणसं नालबंदाच्या भट्टीपाशी जमली. पाटी बदलायची नाही, असं ठरलं. मग काय बदलायचं? मावशींची सासू म्हणाली, दारं. गल्ली लाल दिसली तर पाटी चुकली असं कोण म्हणेल?

"आणि रंग त्याच्याकडूनच घ्यायचा, हेही ठरलं," मावशी म्हणाल्या. "तुम्हा पोरांना कळू द्यायचं नाही, हेही. तू फलक लावलास तेव्हा आम्ही म्हटलं, लावू दे. बापासाठी लावतोय."

आत्याने तोंडावर पदर घेतला होता. ती रडते आहे असं आईला वाटलं, पण जवळ जाऊन पाहते तर वन्सं हसत होत्या, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी वाहत. बाबा म्हणायचे, त्या हसता हसता म्हणाल्या, बाबा म्हणायचे लोकांना लाल आवडलाय बघ, सगळ्यांना लालच हवाय. उद्या जाऊन चूक कबूल करतो असं ठरवून झोपले होते, आणि सकाळी दारात रंगासाठी रांग.

काका खाली बसले. बसायला खुर्ची नव्हती, ते बादलीवरच्या फळीवर बसले आणि फळीच्या दुसऱ्या टोकाचा केशकर्तनकार वर उचलला गेला. आता मात्र सगळे हसले, आणि काकाही. इतकी वर्षं आपण गल्लीपासून एक गोष्ट जपली आणि गल्लीने तीच गोष्ट आपल्यापासून जपली, हे त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं, आणि त्यांना एकाच वेळी लाज वाटत होती आणि इतकं हलकं वाटत होतं की काय करावं कळत नव्हतं. रोज ज्या दारांवरून ते जात होते त्यातलं एकेक दार बाबांसाठी रंगलं होतं.

बारकीने खडू केव्हा उचलला कुणी पाहिलं नाही. "पहिलं दार कुणाचं?" तिने विचारलं. "मावशी, भट्टीपाशी अजून कोण होतं? कुणी नाही म्हणालं का?" नाही म्हणालं होतं. चष्मेवाल्याच्या आजोबांना निळा हवा होता. चष्मेवाला म्हणाला, खरवडून बघा, आमच्या दाराला लालखाली निळा अजून आहे. ते बघायला अख्खा वर्ग उठून रस्त्यावर गेला, विभागप्रमुख बाई सगळ्यांच्या पुढे, आणि परीक्षक पेनाचं टोपण काढत त्यांच्या मागे. त्यांच्या विजारीवर हिरवा पट्टा उमटला होता. आईने तो पाहिला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

*

विभागप्रमुख बाईंनी जाताना काही सांगितलं नाही, नियमात बसत नाही म्हणाल्या. फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बारकीने तो कारखान्यातच घेतला, हो म्हणाली, हो, हो, धन्यवाद, आणि फोन ठेवून आईच्या गळ्यात पडली. आत्याने काठी जमिनीवर आपटली. नळाला पाणी आलं, म्हणाली.

काका त्या गोंधळात नव्हते. त्यांनी सकाळीच गल्लीच्या तोंडाचा फलक उतरवून आणला होता आणि त्यावर पांढरा हात मारला होता. आता तो खाटेएवढा कोरा पत्रा लाकडी घोडीवर चढवून, सरळ रेघांसाठी खडूची दोरी मारून ते कामाला बसले होते. हाताखाली काठी, काठीवर मनगट, मनगट अजूनही दगडासारखं स्थिर. काय लिहायचं ते त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. घरातल्या तिघी बायका सवयीने गप्प झाल्या आणि सवयीनेच दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. अक्षरं होत होती तशी लाल रंगाचा वास खोलीत भरत गेला. बारकीला हसू आवरत नव्हतं आणि आई तिला कोपराने ढोसत होती.

मग ब्रश डब्यावर ठेवल्याचा आवाज आला. शिरोरेषा अजून ओढायची होती. ती अक्षरं पत्र्यावर सुटी सुटी उभी होती.

"ताई, वहिनी, इकडे या," काका म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "बारके, तूही ये. ओली आहे तोवर वाचा."

त्या जवळ गेल्या. आत्याने बोट धरून, पत्र्याला लागू न देता, एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, पहिल्या ना पासून शेवटपर्यंत. बरोबर आहे, म्हणाली.

मग काकांनी रेघ ओढली.